बिनखिळ्याच्या भिंती

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या भाजीबाजारात एका वांगीवाल्याशी भांडत होते. त्यानं पिशवीच्या तळाशी किडकी वांगी सरकवली होती आणि मी ती त्याच्या नाकासमोर धरून त्याची खरडपट्टी काढत होते. फोन दादाचा होता. दादा मुळात फोनवर कमी बोलतो. त्या दिवशी तो नुसतं "शोभा... शोभा, तू ये" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "काय झालं? वहिनीले दे फोन." कारण आमच्या घरात सांगण्यासारखं काहीही असलं की ते वहिनीच सांगायची. मग शेजारच्या कुणी तरी फोन घेतला आणि सांगितलं, की दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत... भंडाऱ्याजवळच्या शहापूरला दादाच्या दारात ऑटोतून उतरले तेव्हा लक्षात आलं, ती किडकी वांगी अजून माझ्या मुठीतच होती.

दिवाळीच्या थोडं आधीची ही गोष्ट. आता थंडी पडली आहे. लोक भेटतात, "वेळ सगळं विसरायला लावते" म्हणतात. मला त्यांचा राग येतो. कोणाला विसरायचं आहे?

कुंदावहिनी बपेऱ्याची. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं ते गाव, म्हणून तिच्या बोलण्यात हिंदी सहज मिसळलेली असायची. ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते आणि एकुलत्या एक भावाला कुणी तरी आपल्यापासून तोडायला आलं आहे, अशी माझी खात्री होती. दादा पाटबंधारे खात्यात. पहिली नेमणूक तुमसरला, भाड्याची एक खोली. सुट्टीत मी तिथं राहायला गेले, ते उघडउघड पहारा द्यायलाच. घरमालकीण दारात उभी राहून वहिनीला नियम सांगत होती, "पाह्य वो बाई, पानी सकारी येते, गेट टायमावर लावाचं, अन् भितीले खिळा ठोकाचा नाही. चुना झडते." वहिनीनं पाण्याचं ऐकलं, गेटाचं ऐकलं, पण खिळ्याचं जे मनावर घेतलं ते कायमचं.

खोलीत वस्तू अशा नव्हत्याच. पोपडे आलेल्या भिंती आणि एक खाट. वहिनीनं चारी बाजूंना पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, हे खोली अशी उघडीबोडकी चांगली दिसते का?" मी तोऱ्यात म्हटलं, "खिळा ठोकता येत नाही नं." ती हसली. "खिळा नाही तं काय झालं, सुतळी तं हाय." आपली एक जुनी साडी तिनं मधोमध फाडली, वरची कड दुमडून शिवली, त्यातून सुतळी ओवली आणि खिडकीच्या गजाला पडदा बांधला. दुसऱ्या तुकड्याची एक कड दाराच्या बिजागरीला अडकवली नि स्वयंपाकाचा कोपरा वेगळा केला. उरलेल्या चिंध्यांची तीनपदरी वेणी घातली, ती गोल गोल फिरवून टाचली आणि दारात पायपुसणं टाकलं. संध्याकाळी दादा आला तो दारातच थबकला. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलो की काय, असं त्याला वाटलं असावं. माझा पहारा त्याच दिवशी संपला. मी उशीचा अभ्रा शिवायला तिच्याजवळ जाऊन बसले.

पुढं साकोली, लाखांदूर, पवनी... दादाच्या बदल्या होत राहिल्या. नवीन गावी ट्रक रिकामा झाला की सगळ्यात आधी पडद्यांचं गाठोडं सुटायचं. दादा भुकेनं कासावीस झालेला असायचा, पण वहिनीचं ठरलेलं, "आधी पडदे, मंग भात." कूलरला झालरीचं कव्हर, टीव्हीला फुलांचं, ट्रंकांवर जुन्या चादरीचं आच्छादन घालून त्यांचा केलेला दिवाण. कॅलेंडर फ्रिजच्या मुठीला लटकायचं, त्यामुळे फ्रिज उघडला की महिना हलायचा. आरसा खिडकीच्या गजाला इतका खाली बांधलेला, की दादाला भांग पाडायला वाकावं लागे. मी चिडवायची, "वहिनी, तुझ्या घरात सारंच गळफास घेऊन बसलं हाय." ती खुदकन हसायची आणि सुतळीची गाठ आणखी आवळायची. खोली सोडताना भिंती जशा मिळाल्या तशाच परत. घरमालक तिला निरोप देताना हळहळत, यात मला नवल वाटत नाही.

पवनीला ते असताना मी काही दिवस त्यांच्याकडे जाऊन राहिले होते. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. सासर-माहेरची सगळी माणसं मला समजावत होती, आणि समजावणं ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. वहिनीनं समजावलं नाही. शेजारच्या विणकरांकडून आणलेल्या कोशाच्या रेशमी चिंध्या आणि जुन्या कपड्यांचा ढीग तिनं माझ्यापुढं ओतला, हातात ब्लेड दिलं आणि म्हणाली, "शिवू नोको. फक्त उसव." मी दिवसभर शिवणी उसवत बसायची. दोरा सुटत जायचा, कापडाचे तुकडे मोकळे होत जायचे. एकदा उसवता उसवता मला रडू फुटलं, ते थांबेचना. तेव्हा ती जवळ सरकली, माझ्या हातातलं ब्लेड काढून बाजूला ठेवलं आणि माझ्या मांडीवरचे दोरे एक एक करून वेचत राहिली. माझी आई तोवर गेलेली होती... त्या दिवसापासून ती मला परत मिळाली, असं मी आज सरळ लिहून टाकते. वहिनीसमोर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

दादा निवृत्त झाल्यावर शहापूरला, महामार्गापासून थोडं आत, त्यांनी घर बांधायला घेतलं. वहिनी रोज पाइप घेऊन बांधकामावर. मिस्त्रीचा माणूस पाणी मारायला होता, पण तिला ते पटत नसे. विटांना पाणी, स्लॅबला पाणी, प्लास्टरला पाणी. माणसाला काय पाजेल इतक्या मायेनं ती त्या भिंतींना पाणी पाजायची. एवढं रोज जाऊनही एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. काचा बसल्या त्या दिवशी तिचा मला फोन आला, आवाज रडकुंडीला आलेला. "बाई, खिडकीले गजच नाही वो! सरकत्या काचा लावल्या, जाळी भाहीरून हाय. आता पडदे कायले बांधू मी?" मी पोट धरून हसले. पडद्याला दांडी असते, ती भिंतीत पक्की करतात, हे जगाला ठाऊक होतं. तिला कधी गरजच पडली नव्हती. मिस्त्री म्हणाला, "काकू, ड्रिल मारून देतो, पाच मिंटाचं काम." वहिनीनं त्याला ड्रिलसकट अंगणात काढलं.

घरभरणीला पाहुणे आले तर नव्या कोऱ्या घरात पडद्याची सुतळी एका दाराच्या बिजागरीपासून दुसऱ्या दाराच्या कडीपर्यंत ताणलेली. उंच माणसं तिच्यात अडकत होती. दादा हातोडी घेऊन उभा राहिला, "ठोक नं आता, आपलीच भित हाय." वहिनीनं हातोडी घेतली. खिळा भिंतीला टेकवला. आम्ही सगळे पाहतो आहोत... आणि तिनं हात खाली घेतला. मला राग आला. मी म्हटलं, "वहिनी, आता कोन बोलनार हाय तुले? घर तुझं हाय!" ती म्हणाली, "म्हनूनच तं. लोकाच्या भितीले नाही ठोकला, अन् माह्या हातानं पानी पाजलेल्या भितीले ठोकू?" तिचे डोळे भरले होते, ओठ हसत होते.

पण तिलाही खिळा हवा होताच. जन्मभर ज्याची मनाई होती तो आता तिचा होता, आणि म्हणूनच तो असातसा वाया घालवायचा नव्हता. आरशासाठी नको, कॅलेंडरसाठी तर नकोच. या घरासाठी म्हणून नवीन काही शिवीन आणि त्यालाच पहिला खिळा, असं तिनं जाहीर केलं. नवरात्रात मी गेले तेव्हा ती ते शिवत होती. भिंतीवर टांगायची खिशांची लांब पट्टी. पाठीमागं माझ्या आईच्या पातळाचं कापड, कडेनं पवनीच्या कोशाचे तुकडे आणि खिसे म्हणाल तर खरेखुरे... दादाच्या जुन्या शर्टांचे उसवून काढलेले! एका खिशाला शाईचा डाग होता. मी म्हटलं, "हा तरी बदल." ती म्हणाली, "राहू दे. साकोलीचा हाय थो. पेन गळला होता तं केवढे रागावले होते." एकात चष्मा, एकात गोळ्या, एकात कंगवा, असं तिनं मला बोट ठेवून ठेवून दाखवलं. "दिवाळीत ठोकू. तू ये, तुह्याबिगर नाही ठोकत." मी नेहमीप्रमाणे चिडवलं, "मले कायले बोलावतं? खिळ्याचं काय लगन हाय का?" "असंच समज," ती म्हणाली. निघताना ती फाटकापर्यंत आली होती, गळ्यात अजून दोरा लोंबत होता. तीच आमची शेवटची भेट.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. दादा-वहिनीची मुलगी मीनल नागपूरहून वहिनीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून घेऊन आली. तो शिलाई मशीनवर भिंतीला टेकवून ठेवला होता. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकांना ते खटकलं. "फोटो असा खाली कायले ठेवला? भितीले लावा नं." मीनल हातोडी आणि खिळा घेऊन आली. त्या घराच्या भिंतीत तोवर एकही खिळा गेलेला नव्हता, हे त्या क्षणी मला आठवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा खुर्चीतून उठला. तेरा दिवस तो धड बोलला नव्हता. "नाही," तो म्हणाला. "पहिला खिळा फोटोचा नाही." आणि आतल्या खोलीत गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात ती खिशांची पट्टी होती. वहिनीनं ती पूर्ण करून, इस्त्री करून, घडी घालून ठेवली होती. दादानं घडी उलगडली, समोरच्या खोलीच्या भिंतीपाशी गेला, डाव्या हातानं पट्टी भिंतीवर दाबून धरली. थोडी वर केली. थोडी खाली. मग मागं न बघता त्यानं विचारलं, "आयकलं का... सिधी हाय का?"

दादानं वहिनीला कधी नावानं हाक मारली नाही. "आयकलं का" म्हणजे वहिनी, दुसरं कुणी नाही. मीनलनं ओढणी तोंडात कोंबली. दादाला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याची पाठ एकदम ताठ झाली. पण तो वळला नाही. हात भिंतीवर तसाच धरून उभा राहिला, उत्तराची वाट पाहत... मला ती पट्टी दिसत नव्हती, भिंत दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. तरी मी म्हटलं, "सिधी हाय, दादा. ठोक."

त्यानं ठोकला.

पट्टी वाकडी लागली आहे. डावीकडून चांगली बोटभर उतरलेली. दादा शाईच्या डागाच्या खिशात चष्मा ठेवतो, गोळ्या तिनं सांगितलेल्या खिशात. फोटो अजून मशीनवरच टेकलेला आहे. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, पट्टी वाकडी आहे, सरळ करून घ्या. दादा मान हलवतो आणि म्हणतो, "तिनं सांगतलं का मंग करीन सिधी."