पुलाअलीकडे उतरा

अर्डिस टोलेफसनच्या पिवळ्या बसमधून शाळेला जाणाऱ्या पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी एक गोष्ट कळते. टॅमरॅक ओढ्याचा पूल आला की उतरायचं. पोरं वारा खात चालत पलीकडे जातात, मागून अर्डिस रिकामी बस गोगलगाईसारखी नेते आणि मग सगळी पुन्हा चढतात. भरली बस त्या पुलाला पेलत नाही, तशी पाटीच आहे तिथं. अमेरिकेच्या उत्तर मिनेसोटात जानेवारीत पापण्यांवर बर्फ धरतो. ज्यांना तिनं पूर्वी असं उतरवलं, त्यांचीच पोरं ती आता उतरवते. नवरा गेला त्या आठवड्यातही तिची बस चुकली नाही. तिला कुणी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

नवा पूल बांधण्याची ऐपत काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याला, कधीच नव्हती. राज्याकडे पैसे मागायचे, तर आमदारांची समिती आधी पाहणीला येते. मागच्या खेपेला ती येणार म्हणून काउंटी बोर्डाचा अध्यक्ष डेल्मर क्वामे यानं कठडे रंगवले, वरच्या फळ्या बदलल्या आणि वजनाची पाटी काढून ठेवली. समितीनं चर्चमधल्या बायकांचा केक खाल्ला, गाव फार नीटनेटकं म्हणून कौतुक केलं आणि पैसे दिले शेजारच्या काउंटीला. त्यांनी आपला गंजका पूल तसाच दाखवला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची खोड जुनीच. इथं मरायला टेकलेला माणूससुद्धा "बरंय की" म्हणतो.

या ऑक्टोबरात समिती पुन्हा आली. त्यांची मोठी गाडी खडीच्या रस्त्यावर वळेना, म्हणून डेल्मरनं अर्डिसची बस मागितली. अर्डिस रिकामी बस घेऊन पुलावरून आली, तर कठड्यांना पुन्हा ताजा रंग, पाटी पुन्हा गायब.

"डेल्मर, पाटी कुठंय?"

"शेडमध्ये. पाहुण्यांसमोर पहिल्याच पावलाला रडगाणं कशाला?"

"गेल्या खेपेला रंग फासून काय मिळालं रे?"

"आपण काय भिकारी आहोत का, अर्डिस?"

"मग बोलावलंस कशाला त्यांना? केक खायला?"

"तू गुमान गाडी चालव."

"चालवते की."

समितीला घेऊन निघाल्यावर पुलाअलीकडे तिनं ब्रेक मारला आणि दार उघडलं. बर्फाळ पाऊस थेट आत आला.

"उतरा."

"पुढं घे गं," डेल्मर दातओठ खात पुटपुटला.

"भरली बस या पुलावर मी कधी नेली नाही. आज तुझ्यासाठीही नेणार नाही."

मागचा एक जाडजूड आमदार हसला. "बाई, पूल तर नवाकोरा दिसतोय!"

"रंग वजन पेलत नाही, साहेब!" अर्डिस कडाडली. "तुम्ही बसलाय ना, तिथं एक पहिलीतली पोर बसते. पलीकडे पोचेस्तोवर तिची बोटं निळी पडतात. चोळून चोळून माझे हात दुखतात. आणि यानं तुमच्यासाठी पाटी दडवली! याला लाज वाटते. मला राग येतो. उतरा म्हणते ना!"

उतरले सगळे. शहरी बूट ओल्या फळ्यांवरून घसरत पलीकडे गेले. मागून रिकामी बस आली, तेव्हा नव्या फळ्यांखालचे जुने वासे असे कण्हले की चालणारे जागच्या जागी थबकले.

समितीतल्या, पातळ बूट घातलेल्या एका बाईनं विचारलं, "हे रोज?"

"जाताना आणि येताना."

त्या दिवशी केक तसाच उरला. "काउंटीचं नाक कापलंस तू," डेल्मर म्हणाला.

"कापलं असेल. पाटी लाव जागेवर."

पैसे मंजूर झाले. पूल उभा राहिला. उद्घाटनाला डेल्मरनं फीत कापली आणि म्हणाला, "आपल्या पाहुणचाराचं हे फळ!" टाळ्या पडल्या. अर्डिस पोरांनी भरलेली बस घेऊन मागं थांबली होती. तिनं गियर टाकला. नवा पूल समोर आला आणि पोरं सवयीनं उठून दाराशी रांग लावायला लागली.

"बसा खाली!" ती एवढ्या जोरात ओरडली की पोरं चपापून बसली. भरली बस पलीकडे पोचेपर्यंत तिनं आवळलेले दात सोडले नाहीत.