घरात भरलेली किरुबाची शाळा

वासुकी आमच्याच गल्लीतली, तंजावूरच्या राजवाड्यामागे वाढलेली मराठी मुलगी. तमिळ ख्रिस्ती घरातल्या ज्ञानराजशी लग्न करताना ती ख्रिस्ती झाली. एका खाजगी शाळेत तिने अकरा वर्षं गणित शिकवलं. तिची एकुलती एक लेक किरुबा त्याच शाळेत तिसरीत होती.

किरुबाला वाचन जड जायचं. ती अक्षरं जुळवेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असायचा. मुलं हसत. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत तिची पाळी आली तेव्हा ती डोळे मिटून येशूला म्हणाली, "येसप्पा, अम्माला माझी लाज वाटू देऊ नको."

वासुकीने डोळे उघडून लेकीकडे पाहिलं. शाळेत कुणी मुलीचे मार्क विचारले की आपण विषय बदलतो, हे लेकीला कळलं होतं तर.

महिन्याभरात तिने नोकरी सोडली आणि किरुबाला शाळेतून काढलं. सासरे सत्यनेसन, ज्यांना ती मामा म्हणायची, निवृत्त हेडमास्तर. त्यांना हे मुळीच पटलं नाही.

"माझ्या आजोबांना सही येत नव्हती," ते म्हणाले. "मिशनच्या शाळेमुळे आपलं घर वर आलं. आणि तू नातीला शाळेतून काढतेस?"

"शाळा वाईट नाही, मामा. पण ही मुलगी देवाने आमच्यावर सोपवली आहे. ती कितवी आली, हे तो मला विचारणार नाही. तिला खरं बोलायला, माणसांवर प्रेम करायला शिकवलंस का, असं विचारेल. त्यासाठी आधी तिची भीती जायला हवी."

सत्यनेसन वर्तमानपत्र उचलून आपल्या खोलीत निघून गेले.

पहिले चार महिने वाईटच गेले. वासुकीने हॉलमध्ये फळा लावला, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, दर शुक्रवारी परीक्षा ठेवली. किरुबाचं पोट पुन्हा दुखू लागलं. एका शुक्रवारी तिने कोरा पेपर दिला. वासुकी ओरडली, आणि मग तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला शाळेतून काढलं आणि शाळाच घरी घेऊन आले."

त्या दिवसापासून परीक्षा बंद झाली. सकाळी प्रार्थना, मग दोघी मिळून स्वयंपाक. डोशाचे तांदूळ-उडीद मापताना अपूर्णांक यायचे. बुधवारी बसने तिरुवैयारुला, कावेरीच्या काठी. गल्लीत कुणी आजारी असलं की किरुबा रसम घेऊन जायची आणि घटकाभर बसून यायची. वाचन रोज एकच पान, हवा तितका वेळ घेऊन.

दोन वर्षांनी सत्यनेसनना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. ते शब्द शोधू लागले की ज्ञानराज घाईने तो पुरा करायचा, आणि म्हातारा तोंड फिरवायचा. अकरा वर्षांची किरुबा मात्र आजोबांसमोर पाट टाकून बसायची.

"तात्ता, सावकाश. मी थांबते."

'तण्णी' म्हणजे पाणी, एवढा एक शब्द नीट यायला तीन आठवडे लागले. पावसाळा सरता सरता त्यांनी वासुकीला हाक मारली.

"हिला... कुणी शिकवलं?"

"काय, मामा?"

"थांबायला."

वासुकीने त्यांचा हात धरला.

सोळाव्या वर्षी किरुबाने मुक्त विद्यालयातून दहावी दिली. गणितात जेमतेम पास. निकालानंतर ती म्हणाली, "अम्मा, मला अकरावीला शाळेत जायचंय."

वासुकीला ते आधी नको वाटलं. पण मुलीने न भिता बाहेर पडावं म्हणूनच सगळं केलं होतं, मग नाही कसं म्हणायचं? तिने शाळेत नाव घातलं. सत्यनेसन इतके खूश झाले की पहिल्या दिवशी काठी टेकत तिला घराच्या फाटकापर्यंत सोडायला गेले.

त्या दिवशी वासुकी दुपारपासून दारात होती. किरुबा आली, चपला काढल्या.

"सर फार भरभर शिकवतात. मी हात वर करून म्हटलं, मला समजलं नाही, पुन्हा सांगा."

"कुणी हसलं का गं?"

"हसले थोडे," जेवणाचा डबा घासायला ठेवत किरुबा म्हणाली. "मग सरांनी पुन्हा सांगितलं."