स्वतःच्या घरचा रोजंदार

ओळंब्याचं खरं नाव फक्त बायकोला आणि मतदार यादीला ठाऊक होतं. एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं की ती किती सुतानं कललीय ते तो सांगायचा, म्हणून बरोबरच्या गवंड्यांनी भिंत सरळ आहे का ते तपासायच्या दोरीच्या लोलकाचं हे नाव पाडलं. सव्वीस वर्षांत त्याने लोकांची चाळीसेक घरं उभी केली आणि स्वतः भाड्याच्या दीड खोलीत राहिला. पै-पै साठवून घेतलेल्या प्लॉटवर गवताचं पीक मात्र उत्तम यायचं. आता घरमालकाने वर्षभरात खोली रिकामी करायला सांगितलं, तेव्हा ओळंबा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेला.

"स्वतः बांधणार?" कर्जविभागाच्या बाईंनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढायला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "बांधता येतं याचा पुरावा?"

"मॅडम, तुमच्या बँकेच्या जिन्याची खालून चौथी पायरी अर्धा इंच उंच आहे ना?"

बाई चपापल्या. "रोज ठेचकाळते मी! तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बांधलाय. तुमच्या साहेबांनी मध्येच फरशी बदलली. मी नको म्हणत होतो."

"असेल. पण हे कागदावर कुठंय?"

कागदावर नव्हतं. जिना सिमेंटचा होता, तिथेच चुकलं. बँकेला नोंदणीकृत ठेकेदाराचा अंदाजखर्च हवा होता, शिवाय पगाराच्या चिठ्ठ्या.

ज्याच्याकडे ओळंबा रोजावर जायचा, त्या ठेकेदाराने जन्मात थापी हातात धरली नव्हती. त्यामुळे त्याची सही फार वळणदार होती.

"तू काय परका आहेस का रे? सही घे, चिठ्ठ्या घे. फक्त काम माझ्या नावावर. दहा टक्के माझे."

"आणि गवंडी?"

"आहे माझ्याकडे एक चांगला. ओळंबा म्हणतात त्याला."

कर्ज मंजूर झालं. बँक ठेकेदाराला पैसे देई, ठेकेदार आपला वाटा काढून ओळंब्याला रोजंदारी देई, आणि ओळंबा त्यातून बँकेचा हप्ता भरी.

"अहो, ओट्याजवळची खिडकी जरा मोठी करा," बायको म्हणाली.

"मालकाला विचार."

"मालक तुम्हीच ना?"

"मालक सहानंतर भेटतील. आत्ता मी कामावर आहे."

दारं-खिडक्यांसाठी कर्जाचे शेवटचे पैसे सोडायचे की नाही, हे ठरवायला बँकेच्या बाई स्वतः बांधकामावर आल्या. खोली सोडायला तीन आठवडे उरले होते. ओळंबा नव्या घराच्या जिन्याखाली उभा राहिला. बाई चढल्या. चौथ्या पायरीला त्यांनी सवयीने पाय उंच उचलला, तो आपटून खाली आला. त्या थांबल्या, पायरीकडे बराच वेळ पाहिलं आणि तिथेच उभ्या उभ्या सही केली.

"ठेकेदार छान मिळाला हो तुम्हाला. आणि गवंडी तर सोडूच नका."

"सोडतोय कसला मॅडम," ओळंबा म्हणाला. "माझे हप्ते तोच फेडतोय."