निंबाखालची बाज

मंडळी, आज नातवाने घरातल्या सगळ्यांना शिंदखेड्याजवळच्या आपल्याच शेतात सहलीला नेलं. "लांब कशाला जायचं, आबा? खर्च नाही, दगदग नाही." निंबाची सावली, डब्यात भरीत-भाकरी. छान होतं.

मला जरा खोकला आहे, म्हणून मी माझी बाज पलीकडच्या निंबाखाली ओढून घेतली. पणती शाळेतली कविता म्हणून दाखवायला धावत आली. मी हात वर करून ओरडलो, "तठूनच म्हन बेटा, माले ऐकू येस!"

कितीतरी वर्षांत ही अहिराणी तोंडात आली नव्हती. ते शब्द आईचे होते.

स्वातंत्र्याच्या आधीचे दिवस. आईला क्षय झालेला. डॉक्टर म्हणाले, थंड हवेच्या ठिकाणी न्या. वडिलांना ते झेपणारं नव्हतं, त्यांनी याच शेतात तिची बाज टाकली. आम्हा भावंडांना वाटलं, सुट्टी लागली! ती दूर निंबाखाली, आम्ही विहिरीपाशी. कवितेची एक ओळ तिने म्हणायची, पुढची आम्ही ओरडायची. आम्हाला तो खेळच वाटायचा. पुढे पुढे तिची ओळ ऐकू येईनाशी झाली, तरी आम्ही आपले ओरडतच होतो.

"आबा, माझ्याशी कट्टी का?" पणतीने तिथूनच विचारलं.

"नाही गं. म्हण पुढे."

कविता संपली. तिला जवळ घ्यायला मी हात पसरले आणि पुन्हा मिटून घेतले.

मंडळी, आई तेव्हा आपले हात कुठे ठेवत असेल?