चौथं चाक

आधी ती चाकावरून अंगठा फिरवायची, आणि मग चाकाकडे न बघता अंगठ्याकडे बघायची. त्यावर राखेसारखी पांढरट भुकटी लागली असली की म्हणायची, "मेलं नाही हे. रुसलं हाये." गाडीवाला हसायचा. दुसऱ्या दिवशी त्याच चाकात स्वतःचं तोंड दिसलं की त्याचं हसू बंद व्हायचं.

शेलूबाजारला हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. ॲल्युमिनियमची चाकं, ज्यांना आम्ही मॅगव्हील म्हणतो, आमच्या भागात फार टिकत नाहीत. बोअरचं खारं पाणी, शेतातला चिखल, फवारणीचे शिंतोडे. वरचा पारदर्शक थर उचकटतो आणि खालचा धातू चुना फासल्यासारखा पांढरा पडतो. मी अशी चाकं काढून दुकानामागे टाकायचो आणि नवी बसवायचो.

एका सकाळी पन्नाशीची एक बाई त्या ढिगापाशी उभी दिसली.

"हे फेकलं काहून?"

"कामाचं नाही राह्यलं."

"तुमाले कोणं सांगतलं?"

एक चाक मागून ती जीपनं घरी घेऊन गेली. जीपवाल्यानं चाकाचंही तिकीट मागितलं म्हणे, तर तिनं ते मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "लेकराचं तिकीट घेता का?" तीन दिवसांनी तिनं ते चाक परत आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मी ओळखलंच नाही.

नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं पुण्याच्या एका कारखान्यात धातूला पॉलिश करायचं काम केलं होतं. सासू थकली म्हणून गावी परतली होती. दुकानाशेजारच्या पत्र्याखाली मी तिला जागा दिली. चौदा एप्रिलला आपण येणार नाही, एवढं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. दुसरी कुठलीच अट घातली नाही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायला लागलो.

ती भरड पॉलिश कागदानं सुरुवात करायची, मग बारीक, मग त्याहून बारीक. सतत पाणी सोडत घासायची. घाई केलेली तिला चालत नसे. कोणी म्हणालं, "मावशी, जल्दी करा," तर ती हातातला कागद त्याच्यापुढे धरायची, "घ्या, तुमी करा." लोक गुपचूप चहाला निघून जायचे.

तिला चीड होती ती एकाच गोष्टीची. फरशी धुवायच्या ॲसिडनं चाक चटकन उजळतं असा आमच्याकडे समज आहे. "जहर हाये ते ॲल्युमिनियमले, भाऊ," असं तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. मी दर वेळी मान डोलावली.

धनजचा एक बागायतदार सकाळी गाडी सोडून गेला. संध्याकाळी त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, चारही चाकं चमकायला हवी होती. मावशी सासूला घेऊन वाशीमच्या दवाखान्यात गेली होती, दुपारी येणार होती. तेवढा वेळ थांबायला हवं होतं. पण गिऱ्हाईक मोठं होतं, आणि तिच्याशिवायही आपलं अडत नाही हे कुठंतरी मला स्वतःला दाखवायचं होतं. मी बाटली आणली आणि चारही चाकांवर ॲसिड मारलं.

फेस आला, धूर आला. पाणी मारून बघतो तर चाकांवर कोड फुटल्यासारखे पांढरे डाग.

तेवढ्यात बागायतदार आला. चाकं बघून त्याचा आवाज चढला. "कोणं केलं हे?"

मावशी नेमकी त्याच वेळी जीपमधून उतरत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "हे काम मावशीच पाह्यते."

बघा, यात खोटं असं काही नव्हतं. काम तीच पाहायची. वाक्य मी तेवढं जपून निवडलं होतं.

"बाईमाणसाच्या हाती गाडी देता तुमी?" तो ओरडला आणि पुढं तिच्या वस्तीचंही काढलं. दोष तिच्यावर ढकलणं सोपं होतं. ते सोपं का होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मावशी चाकापाशी बसली. तिनं वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, कागद भिजवायला घेण्याइतका वेळ. म्हणाली, "पाच वाजेपर्यंत करून देतो."

पाच वाजेपर्यंत तिनं तीन चाकं आरशासारखी केली. चौथं घासताना आतल्या कडेला केसासारखी बारीक भेग निघाली. "हे नाही बसवाचं. बदला."

"स्वतः खराब केलं आणि आता बहाने सांगून राह्यली!" बागायतदार चाक उचलायला वाकला, तर ती सरळ त्या चाकावर बसली. उठेचना. "तुमची पोरगी बसणार हाये गाडीत. मले काय बोलाचं ते बोला."

शेवटी तो डिकीतलं काळं लोखंडी चाक लावून गेला. "ही बाई असेपर्यंत मी इथं पाय ठेवणार नाही," असं सांगून गेला. अजूनही मला बोलता आलं असतं. मी पाना पुसत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "मावशी, काही दिवस घरी राहा. मी बोलावतो."

"बरं," म्हणाली आणि कागद, डबा, चिंध्या पिशवीत भरून गेली. मी बोलावलं नाही. आज, उद्या करता करता चार महिने झाले.

मग तो बागायतदारच आला. भेगाळलेलं चाक त्यानं दुरुस्तीला अकोल्याला नेलं होतं. तिथल्या मिस्त्रीनं ते हातात धरूनच सांगितलं, हे बसवलं असतं तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात तुटलं असतं. "बाई कुठं हाये?" तो विचारत होता. "माफी मांगाची हाये तिले."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ॲसिड मी मारलं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि गाडीत जाऊन बसला.

त्याच दुपारी मी तिच्या गावी गेलो. ती ओसरीवर तूर पाखडत होती. तिनं पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगून टाकलं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "वासच येऊन राह्यला होता."

"मंग तुमी बोलल्या काहून नाही?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी बोलान, म्हून वाट पाहून राह्यलो होतो."

मी परत यायची विनवणी केली. बागायतदाराचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहाही केला. सासू दिवाळीतच गेली होती. आता ती पुण्याला लेकीकडे जाणार होती, जुन्या कारखान्यात जागा होती. "तिकडं जमते मले," एवढंच म्हणाली.

तिच्या गावाकडून येणारी पुण्याची गाडी शेलूबाजारवरूनच जाते. माझ्या दुकानासमोर पाच मिनिटं थांबते, लोक उतरून पाणी घेतात, पाय मोकळे करतात. ती कोणत्या दिवशी जाणार हे मला माहीत होतं. मी दुकान सोडून कुठं गेलो नाही. गाडी आली, थांबली. लोक उतरले, चढले. ती उतरली नाही.