टँकर आला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडताना कधी आठवलंच तर मी घाईघाईने आरती सुरू करते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही. यात फार मोठं धाडस नाही, कबूल. पण कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी ना?

आधी माझ्याबद्दल. मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीसाठी मी 'बाई'च. आवाज हळू, वागणं मोजूनमापून. वर्गातसुद्धा मी कधी ओरडले नाही. नुसतं बघितलं की मागचा बाक गप्प व्हायचा. अशी आमची ख्याती. आणि खरं सांगू? ती ख्याती मला फार आवडायची.

आता या बाईंना हॉकीचं वेड आहे असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? माझे वडील छावणीत कारकून होते. घरासमोर मुरमाचं मैदान होतं आणि त्यावर फौजी जवान हॉकी खेळायचे. त्यांच्यातल्या एकाने टाकून दिलेली, सुतळी गुंडाळलेली स्टिक मला मिळाली आणि दहावीपर्यंत मी पोरांच्यात खेळले. नडगीवर अजून खुणा आहेत. पुढे स्टिक माळ्यावर गेली, मी कॉलेजात गेले, मग सासरी. सासरी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लाज वाटत होती असं नाही — एखादी गोष्ट आपली एकटीची असावी, असं तुम्हाला कधी वाटत नाही का? चार वर्षांतून एकदा ते मोठे खेळ आले, देशोदेशीचे खेळाडू जमले, की मी दार लोटून घ्यायचे आणि एकटीच हॉकी बघायचे. आणि एकटी असले की ओरडायचे. अगदी गळ्याच्या शिरा ताणून. नवरा घरी असला तर उशी तोंडावर धरून.

हे सगळं मी का सांगतेय? मुद्द्याला उशिरा यावं म्हणून. पण आता यायलाच हवं.

आमची गल्ली बीड बायपासच्या पलीकडे. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा इथे ज्वारी होती. शहर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं, नळ मात्र मागेच राहिला. तरी बोअरवर भागायचं. मग लागोपाठ पावसाने पाठ फिरवली, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, तिकडे नाथसागर जलाशयाचा तळ दिसायला लागला आणि आम्ही सगळे टँकरवर आलो. गल्लीच्या तोंडाशी जमिनीखाली एक सामाईक हौद बांधला. त्याला लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप — कारण शेजारच्या गल्लीवर आमचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि त्यांचा आमच्यावर. किल्ली पाळीपाळीने एकेका घरी. ज्याच्याकडे किल्ली त्याने दिवसभर घरी थांबायचं, हॉर्न वाजला की धावायचं, झाकण उघडून पाइप सोडून घ्यायचा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पाणी वाटायचं. कुणी आलंच नाही तर ड्रायव्हर जरा वेळ थांबून पुढे जाणार, कारण पुढच्या गल्लीत बायका रस्त्यावर उभ्या असणार. एकदा चुकलं की पुन्हा आमचा नंबर चार-पाच दिवसांनी.

या सगळ्या कारभाराचे प्रमुख जाधवसाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस टँकरची वाट बघत उभा राहतो, यावर आम्ही त्यांना फार छळायचो. आणि टँकरवर कचरूभाऊ, पाचोडचा. तिरसट माणूस. पाइप कुणी वाकडा धरला तरी त्याचा पारा चढायचा, आणि माझ्या शेजारच्या मीनाशी तर त्याचं दर खेपेला वाजायचं. पण आला नाही असं कधी झालं नाही.

त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती. नवरा मुलीकडे पुण्याला गेला होता. आणि दुपारी आपल्या मुलींची पदकाची मॅच होती. समोरचा देश कोणता ते सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. वेळ संपली तेव्हा बरोबरी होती, म्हणजे आता शूटआउट. माहीत नसेल तर सांगते — एक मुलगी चेंडू घेऊन निघणार, समोर एकटी गोलकीपर, हातात आठ सेकंद. दोन्हीकडून पाच-पाच जणी. आता सांगा, अशा वेळी माणूस बसून राहील का?

दुसरीची पाळी सुरू होती तेव्हा हॉर्न वाजला.

मला ऐकू आला. हे लिहिताना माझी लेखणी जरा अडतेय, पण ऐकू आला. आजूबाजूला बिल्डिंगा उठत होत्या, वाळूचे ट्रक दिवसभर बोंबलत असायचे. गल्लीतलं कुणीच हॉर्नकडे लक्ष देईनासं झालं होतं. पण किल्लीवाल्याला टँकरचा हॉर्न बरोबर कळतो. मी मनात म्हटलं, एवढी एक होऊ दे. ती झाली. पुन्हा हॉर्न. म्हटलं, थांबेल की, घाई काय आहे? मग माझ्या फाटकाची कडी वाजली, खडाखडा. मी 'आले, आले' म्हणाले — टीव्हीकडे बघून. आणि लगेच पुढच्या मुलीला सांगायला लागले, 'मार! अगं मार! डोकं वापर!'

शेवटचा फटका आपल्या गोलकीपरने पायाच्या पॅडवर घेतला आणि आपण जिंकलो. मी खुर्चीवर उभी होते. कधी चढले कोण जाणे. त्या मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि इकडे मी, गुडघ्यांची तक्रार करणारी बाई, खुर्चीवर नाचत होते. इतका आनंद मला मुलीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे तिला सांगू नका.

किल्ली घेऊन बाहेर गेले तेव्हा हौदाजवळ रस्त्यावर नुसता ओला ओघळ होता. त्याच क्षणी मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, नाही का? नाही वाटलं. मी अजून त्या पॅडवरच होते.

संध्याकाळी सगळे घागरी-बादल्या घेऊन आले. मीना सगळ्यांत पुढे. दुसऱ्या दिवशी तिच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. ती म्हणाली, "बाई, आज आलाच नाय का टँकर?"

बघा हं. मी काही रचलंच नव्हतं. तिने प्रश्नातच उत्तर घालून दिलं. मी म्हणू शकले असते — आला होता गं, मी हॉकी बघत होते, माफ करा. काय झालं असतं? मीना दोन शब्द बोलली असती, आठवडाभर गल्ली हसली असती. बस. पण त्या सगळ्या घागरी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला माझी ख्याती आठवली. मी म्हणाले, "नाही आला." स्वच्छ उच्चारात.

मीनाच्या पाहुण्यांसाठी मी माझ्या पिंपातलं दोन बादल्या पाणी दिलं. त्यावर माझं एवढं कौतुक झालं की विचारू नका. पोरीचं जमलं, आणि मीना अजून म्हणते, बाईंच्या पाण्याने जमलं.

जाधवसाहेबांनी टँकरच्या मालकाला फोनवर फैलावर घेतलं. मालकाने रविवारी सकाळी कचरूभाऊला खुलासा द्यायला पाठवलं. जाधवसाहेबांच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली आणि मधोमध तो उभा, गळ्यात रुमाल, चेहरा लाल.

"म्या आलतो," तो म्हणाला. "लई हॉर्न वाजिवला. खाली उतरून कडी वाजिवली. घरात ह्याच ताई वरडत व्हत्या."

"कोण, बाई?" जाधवसाहेब म्हणाले. "बाई ओरडत होत्या?"

"व्हय. मार, मार, डोकं वापर — आसं. पार रस्त्यावर ऐकू येत व्हतं."

आधी मीना हसली, मग जाधवसाहेब, मग सगळा ओटा. आमच्या बाई! मार-मार! कुणीतरी म्हणालं, अरे, थाप मारायची तर जरा पटेल अशी तरी मार. त्याने जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं — आणि त्यामुळेच तो खोटा ठरला. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "इचारा ना त्यांनाच!" सगळ्यांनी हसत हसत माझ्याकडे पाहिलं.

आणि मी काय केलं? मीही हसले. जशी वर्गात एखाद्या पोराच्या बहाण्याला हसायचे, तशी. बोलावं लागलंच नाही. टँकर आला नाही हे खोटं मी एकदाच बोलले होते, पण खरा गुन्हा हा हसण्याचा. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि मग रुमाल झटकून निघून गेला. त्याच्या मागे 'खोटारडा' हा शब्द गेला. तो आमच्या गल्लीत पुढे बरीच वर्षं नांदला. टँकर चुकला की पोरंसुद्धा म्हणायची, कचरूसारखं करू नका.

मालकाने त्याची शहरातली फेरी काढली आणि त्याला घाटावर, खुलताबादच्या पुढच्या खेड्यांवर टाकलं. हे नवीन ड्रायव्हरकडून कळलं. कचरूभाऊची मुलं इथे शाळेत होती, म्हणून त्याने मागून मागून ही फेरी घेतली होती. आता तो आठवडा-आठवडा टँकरच्या केबिनमध्येच झोपत होता, आणि पोरं इकडे. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी जाधवसाहेबांच्या दारात गेले. त्यांनी मला बघताच दोन्ही हात जोडले. म्हणाले, "बाई, बरं झालं आलात. आमचं ठरलंय. किल्ली आता कायमची तुमच्याकडेच. तुमच्याइतकं भरवशाचं दुसरं कोण आहे?"

मी किल्ली घेतली. आणखी काय सांगू? चहासुद्धा घेतला.

पुढे पाऊस ताळ्यावर आला. बोअरला पाणी आलं, टँकर बंद झाले, हौदावर पोरं क्रिकेटचं पिच आखायला लागली. एका श्रावणात मीना आणि मी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला गेलो. मीना पेढे घ्यायला दुकानात शिरली आणि मी बाहेर सावलीला थांबले. समोर छोट्या मालवाहू गाडीत एक माणूस क्रेट चढवत होता. तो थबकला.

"ताई, वळखलं का?"

ओळखणार नाही? मिशी काढलेली होती, पण तो तिरसट आवाज तोच. मी 'कचरूभाऊ' एवढंच म्हणू शकले. त्याने टँकर सोडला होता. ही गाडी त्याच्या मेव्हण्याची.

"लई दिसापासून इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "त्या दिवशी एवढ्या कशापायी वरडत व्हत्या तुम्ही?"

आणि मी सांगितलं. हॉकी. आपल्या मुली. शूटआउट. शेवटचा फटका पॅडवर. उभ्या जन्मात पहिल्यांदाच मी हे कुणाला सांगत होते, आणि सांगता सांगता माझे हात हवेत जायला लागले. तो आधी बघत राहिला आणि मग फुटल्यासारखा हसला.

"हाकी! आन् म्या समजलो घरात चोर घुसला अन् तुम्ही त्याला बदडताय. म्हनून तर खाली उतरलो!"

आम्ही दोघंही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं, सुटले. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि साधंच विचारलं, "मंग, गल्लीत सांगितलं का कवा? म्या आलतो म्हनून?"

मीना येतेय का, ते मी दुकानाकडे वळून बघितलं. तो पाठ फिरवून खाली ठेवलेल्या क्रेटकडे वळला. तेवढ्यात मीना पेढ्यांचा पुडा सांभाळत बाहेर आली. तिला त्याची पाठच दिसली.

"कोण हो बाई ते?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं," मी म्हणाले. "पत्ता विचारत होते."

कचरूभाऊ दोन पावलांवर होता. त्याला ऐकू गेलं.