न ओरडणारं प्रसूतिगृह

मोठ्या हॉस्पिटलात बावीस वर्षं बाळंतपणं करून सिस्टरबाईंचे कान किटले, तेव्हा त्यांनी चार खाटांचं स्वतःचं प्रसूतिगृह काढलं. नियम एकच होता: कळा सोसणाऱ्या बाईवर कुणी ओरडायचं नाही, आणि तिला एकटं सोडायचं नाही. हा नियम नर्सबायांच्या अंगवळणी पडायला सहा महिने लागले. टाके घालणं सोपं, आवाज खाली आणणं महाकठीण!

लोकांना मात्र या शांततेचाच संशय आला. एक सासूबाई अवघडलेल्या सुनेचं नाव नोंदवायला आल्या, तासभर कानोसा घेत बसल्या आणि तडक उठल्या.

"इथं कुणी कुणाला झापतच नाही. सगळ्या शिकाऊ दिसतात."

सुनेला त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं तिनं यथेच्छ बोलणी खाल्ली, नातू झाला, सासूबाई तृप्त झाल्या.

तीन महिन्यांनी त्याच बाई पुन्हा दारात उभ्या, या वेळी गरोदर लेकीचा हात धरून.

"अहो, पण इथं अजूनही कुणी झापत नाही," सिस्टरबाईंनी आठवण करून दिली.

"म्हणून तर आणलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला मोठ्या आवाजाची सवय नाही हो."